मिठू कोणाशी बोलतो?

नवेगावच्या रानात किंवा नागझिऱ्याच्या वाटेवर पोपटांचे थवेच्या थवे दिसतात. कान देऊन ऐकलं तर कीं-कीं, क्याक-क्याक, टुई-टुई असे आवाज भरपूर ऐकू येतात. पण रानात वाढलेला एकही पोपट ‘मिठू मिठू’ म्हणत नाही. ‘राम राम’ म्हणत नाही, ‘कोण आलं?’ असं विचारत नाही, कुकरच्या शिट्टीची नक्कल करत नाही. त्याच ढोलीतलं, त्याच आईबाबांचं एखादं पिल्लू माणसाच्या घरात वाढलं, की मात्र हे सगळं करायला लागतं.

मग हे बोलणं त्याच्यात आलं कुठून? आणि रानातल्या भावंडांना ते का येत नाही?

उत्तराकडे जाण्याआधी एक गंमत करा. आरशासमोर उभे राहा आणि सावकाश म्हणा, ‘मि-ठू’. ‘मि’ म्हणताना काय झालं? दोन्ही ओठ एकमेकांना चिकटले. आता ओठ न मिटता ‘म’ म्हणून बघा. जमत नाही ना? प, फ, ब, भ, म ही सगळी ओठांची अक्षरं. आणि पोपटाला तर ओठच नाहीत! आहे ती टणक, बाकदार चोच. म्हणजे आपण ज्या नावांनी त्याला हाक मारतो ती ‘मिठू’ आणि ‘पोपट’ ही दोन्ही नावं त्याच्यासाठी अवघडातली अवघड. तरी पठ्ठ्या ती म्हणतो, आणि आपल्याला ती कळतातही!

आपला आवाज गळ्यातल्या स्वरयंत्रात तयार होतो. पक्ष्यांचा आवाज तयार होतो त्याच्या बराच खाली, छातीत, जिथे श्वासनळीला दोन फाटे फुटतात तिथे. त्या अवयवाचं नाव सिरिंक्स. तिथून आवाज वर येतो आणि तोंडात त्याला आकार मिळतो. पोपटाची जीभ पाहिली आहे का? जाड, गोल, मांसल असते. बऱ्याचशा पक्ष्यांची जीभ पातळ आणि कडक असते, पोपटाची मात्र सगळीकडे वळते. ‘आ’ म्हणा, मग ‘ई’ म्हणा, मग ‘ऊ’ म्हणा. तुमची जीभ तोंडात कशी सरकते ते जाणवलं का? पोपटही जिभेचा असाच उपयोग करतो. दक्षिण अमेरिकेतल्या मंक नावाच्या पोपटांवर काम करणाऱ्या शास्त्रज्ञांनी २००४ साली दाखवून दिलं, की त्यांची जीभ थोडीशी जरी सरकली तरी आवाजात मोठा फरक पडतो. ‘म’ आणि ‘प’च्या वेळी तो घसा, जीभ आणि चोच यांची काहीतरी जुळवाजुळव करतो आणि जवळपास तसा आवाज काढतो. उरलेलं आपला कान भरून घेतो.

पण नुसती जीभ असून भागत नाही. गाईची जीभ केवढी मोठी असते, पण गाय ‘मिठू’ म्हणत नाही. ऐकलेला नवा आवाज लक्षात ठेवायचा, तो स्वतः काढून बघायचा, चुकला तर सुधारायचा, हे काम मेंदूचं. आणि ते फार थोड्या प्राण्यांना जमतं. कोंबडीची अंडी बदकाखाली उबवली तरी पिल्लं बदकाची बोली शिकत नाहीत, ती कोंबडीसारखीच ओरडतात. त्यांचे आवाज जन्मापासून ठरलेले असतात. आवाज शिकणारे पक्षी तीनच गटांत सापडतात: पोपट, गाणारे छोटे पक्षी आणि अमेरिकेतले हमिंगबर्ड. सस्तन प्राण्यांत माणूस, देवमासे, डॉल्फिन, वटवाघळं, सील आणि हत्ती अशी मोजकीच मंडळी. म्हणजे बघा, भाषा शिकण्याच्या बाबतीत तुमचं जवळचं नातं माकडापेक्षा पोपटाशी!

अमेरिकेतल्या ड्यूक विद्यापीठात मुक्ता चक्रवर्ती आणि एरिक जार्विस यांच्या गटानं पोपटांचे मेंदू तपासले. आवाज शिकणाऱ्या पक्ष्यांच्या मेंदूत त्या कामासाठी खास केंद्रं असतात. पोपटाच्या मेंदूत त्या प्रत्येक केंद्राभोवती आणखी एक कवच सापडलं, जे इतर पक्ष्यांत नाही. आत एक यंत्रणा आणि तिच्याभोवती दुसरी. हे संशोधन २०१५ साली प्रसिद्ध झालं. पोपट इतके नक्कलबाज का, याचं निदान एक कारण या कवचात दडलेलं असावं असं या शास्त्रज्ञांना वाटतं.

आता मुख्य प्रश्न. एवढी भारी यंत्रणा पोपटाला मिळाली कशासाठी? आपल्या ‘राम राम’ला उत्तर द्यायला तर नक्कीच नाही. पोपट माणसाच्या कितीतरी आधीपासून पृथ्वीवर आहेत.

उत्तर आहे थव्यात.

पोपट एकटा राहत नाही. दिवसा लहान लहान टोळ्या चरायला जातात, संध्याकाळी शेकडो पोपट एकाच मोठ्या झाडावर मुक्कामाला येतात. एवढ्या गोंधळात आपला जोडीदार कोणता, आपलं पिल्लू कोणतं, आपली टोळी कोणती, हे ओळखायचं कसं? सगळेच हिरवे! पानांत शिरले की दिसतसुद्धा नाहीत. म्हणून ते हाका मारतात, आणि हाका ओळखतात.

दक्षिण अमेरिकेतल्या व्हेनेझुएला देशात साधारण चिमणीएवढे छोटे हिरवे पोपट आहेत. कार्ल बर्ग नावाच्या शास्त्रज्ञानं आणि त्याच्या सोबत्यांनी त्यांच्या घरट्यांत छोटे कॅमेरे आणि मायक्रोफोन बसवले. काय सापडलं माहीत आहे? आईबाबा प्रत्येक पिल्लाला वेगळी हाक मारतात. पिल्लू ती हाक ऐकतं, तिच्यात थोडा बदल करतं आणि स्वतःची म्हणून वापरायला लागतं. म्हणजे चक्क नाव! ही नावं जन्मापासून ठरलेली असतात की शिकलेली, हे तपासायला त्यांनी काही घरट्यांतल्या अंड्यांची अदलाबदल केली. पिल्लांच्या हाका ज्यांनी वाढवलं त्या पालकांसारख्या निघाल्या. हा अभ्यास २०११ साली प्रसिद्ध झाला. आपल्याकडे बाराव्या दिवशी पाळणा हलतो, नाव ठेवतात. त्या झाडाच्या ढोलीतही बारसं होतं.

ऑस्ट्रेलियातल्या बजरीगर पक्ष्यांची गोष्ट याहून मजेदार आहे. एकमेकांना अनोळखी बजरीगर एका पिंजऱ्यात ठेवले, तर सुरुवातीला प्रत्येकाची हाक वेगळी असते. काही आठवड्यांत ते एकमेकांच्या हाका उचलतात आणि सगळ्यांची एक सामायिक हाक तयार होते. ‘आपण एका थव्यातले’ असं सांगायची ही त्यांची रीत.

आता परत त्या घरातल्या मिठूकडे या. त्याच्याभोवती पोपट कुठे आहेत? आई आहे, आजी आहे, शाळेतून येणारी तुम्ही पोरं आहात. त्यानं ठरवून टाकलेलं असतं की हाच माझा थवा. मग या थव्याची हाक कोणती? दिवसातून दहादा सगळे जे म्हणतात ते. ‘मिठू मिठू’. किंवा ‘चहा झाला का?’ किंवा मोबाईलची रिंगटोन! त्यानं ती उचलली, घासूनपुसून नीट केली आणि तुम्हाला ऐकवली. रानातल्या त्याच्या भावाला हे करायची गरजच नसते. त्याच्याकडे शिकण्यासारख्या हाका मारणारे शंभर पोपट असतात.

म्हणजे पोपट ‘मिठू’ म्हणतो तेव्हा तो आपली करमणूक करत नसतो. तो विचारत असतो, मी तुमच्यातला आहे ना? मला ही गोष्ट समजली तेव्हापासून पिंजऱ्यातल्या एकट्या पोपटाकडे मी पूर्वीसारखं बघू शकत नाही.

पोपट नुसती नक्कल करतो की त्याला अर्थही कळतो? याचं उत्तर शोधायला आयरीन पेपरबर्ग या अमेरिकन शास्त्रज्ञ बाईंनी १९७७ साली शिकागोच्या एका दुकानातून साधारण वर्षभराचा आफ्रिकन ग्रे पोपट आणला. राखी रंगाचा, लाल शेपटीचा. नाव ॲलेक्स. त्याला शिकवायची त्यांची पद्धत फार छान होती. त्याच्यासमोर दोन माणसं बसत. एक मास्तर, दुसरा विद्यार्थी. मास्तर किल्ली दाखवून विचारायचा, हे काय? विद्यार्थी बरोबर बोलला की किल्ली त्याला मिळायची. चुकला की मास्तर तोंड फिरवायचा. ॲलेक्स हे सगळं बघत बसायचा, आणि मग त्यालाही ती किल्ली हवीशी वाटायची! हळूहळू तो शंभराहून जास्त शब्द शिकला. रंग सांगायला लागला, आकार सांगायला लागला, सहापर्यंतच्या वस्तू मोजायला लागला. दोन वस्तू दाखवून ‘यांच्यात वेगळं काय?’ असं विचारलं तर ‘रंग’ किंवा ‘आकार’ असं बरोबर उत्तर द्यायचा. एकदा आरशात स्वतःला बघून त्यानंच विचारलं होतं, हा रंग कोणता? सप्टेंबर २००७ मध्ये ३१ वर्षांचा असताना तो गेला, तेव्हा जगभरच्या वर्तमानपत्रांत बातम्या आल्या.

हे वाचून तुमच्यातले निम्मे तरी जण आता घरात म्हणणार, ‘आई, आपण पोपट आणू या!’ थांबा जरा. कोणता पोपट, हे आधी ठरवायला हवं.

आपल्या झाडीपट्टीत, म्हणजे गोंदिया, भंडारा, चंद्रपूर, गडचिरोलीच्या भागात, मुख्यतः तीन प्रकारचे पोपट दिसतात. पहिला आपला नेहमीचा राघू. गावातही असतो, शेतातही. नराच्या गळ्यात काळी-गुलाबी कंठी असते, मादीच्या नसते. ही कंठी लहानपणी नसतेच, पूर्ण यायला साधारण तीन वर्षं लागतात. दुसरा पहाडी पोपट. आकारानं चांगला मोठा, चोच दांडगी आणि खांद्यावर लाल डाग. तिसरा तुईया. नराचं डोकं पिकलेल्या जांभळासारखं लालसर-जांभळं, मादीचं राखी. हा चपळ, रानात राहणारा, आणि ‘टुई टुई’ करत वेगानं निघून जाणारा.

यांतला एकही घरी ठेवता येत नाही. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानं भारतातले सगळे रानपोपट संरक्षित आहेत. त्यांना पकडणं, विकणं, विकत घेणं, पिंजऱ्यात ठेवणं हा गुन्हा आहे आणि त्यासाठी तुरुंगवासाची शिक्षा होऊ शकते. ‘पण आमच्या आत्याकडे होता की!’ असं तुम्ही म्हणाल. खरंय, पुष्कळ घरांत असायचा, अजूनही काही घरांत आहे. लोकांना कायदा माहीत नसतो. पण कायद्याच्याही आधी, तो पोपट त्या घरात कसा पोचतो ते बघा. पोपट स्वतः ढोली कोरण्यात फारसा पटाईत नाही. सुतारपक्ष्यानं किंवा तांबटानं कोरून सोडलेली ढोली तो शोधतो, थोडी मोठी करतो. उन्हाळ्याच्या तोंडाशी तिथे पिल्लं होतात. पकडणारे ती ढोली फोडतात, पंखही न फुटलेली पिल्लं टोपलीत भरतात. त्यांतली कितीतरी बाजारात पोचण्याआधीच मरतात. आणि फुटलेली ढोली पुढच्या वर्षी कुणाच्याच कामाची राहत नाही.

हे दुःख आपल्या देशात फार पूर्वी एका लेखकानं लिहून ठेवलंय. सातव्या शतकात, हर्षवर्धन राजाच्या दरबारात बाणभट्ट नावाचा कवी होता. त्याच्या ‘कादंबरी’ या संस्कृत ग्रंथात एक पोपट राजाला आपली कहाणी सांगतो. विंध्याच्या अरण्यात पंपा सरोवराजवळ एक प्रचंड शाल्मली वृक्ष असतो आणि त्याच्या ढोल्यांत असंख्य पोपट राहत असतात. एक म्हातारा शिकारी झाडावर चढतो आणि एकेक पिल्लू काढून खाली टाकत जातो. या पोपटाचे वडील त्याला आपल्या पंखाखाली झाकून धरतात. तो पाचोळ्याच्या ढिगावर पडतो म्हणून वाचतो, वडील मात्र वाचत नाहीत. शाल्मली म्हणजे आपली काटेसावर! गोंदियाच्या रानात ती पावलोपावली भेटते. सुमारे चौदाशे वर्षांपूर्वीच्या माणसाला पोपटाच्या बाजूनं ही गोष्ट सांगावीशी वाटली, याचं मला फार कौतुक वाटतं.

तुमच्या ओळखीच्या घरात आधीपासून राघू असेल तर? पिंजरा उघडून त्याला आकाशात सोडून देऊ नका. त्याला उडण्याची सवय नसते, स्वतःचं खाणं शोधता येत नाही, मांजराची आणि शिकऱ्याची भीती वाटत नाही. एका दिवसात त्याचा घात होईल. मोठ्यांना सांगून वनविभागाच्या १९२६ या क्रमांकावर फोन करायला लावा. नागपूरला सेमिनरी हिल्सवर वनविभागाचं ट्रान्झिट ट्रीटमेंट सेंटर आहे, जखमी आणि सुटका झालेल्या पक्ष्यांवर तिथे उपचार होतात. आधी पंखांत बळ यावं लागतं, मग मोकळं आकाश. वादळात घरट्यातून पडलेलं पिल्लू सापडलं तरी हाच क्रमांक.

मग घरी ठेवता येईल असा पोपट कोणता? तोच तो ऑस्ट्रेलियाचा बजरीगर. दुकानात त्याला बहुतेक वेळा ‘लव्हबर्ड’ म्हणून विकतात, पण लव्हबर्ड हा आफ्रिकेतला वेगळा पोपट. बजरीगर १८४० साली जॉन गोल्ड नावाच्या पक्षीतज्ज्ञानं पहिल्यांदा जिवंत इंग्लंडला नेला, आणि तेव्हापासून माणसांच्या घरातच त्याच्या पिढ्यान् पिढ्या वाढत आल्या. आज दुकानात दिसणारा बजरीगर कुठल्या रानातून पकडलेला नसतो. आफ्रिकन ग्रे, मकाव अशा मोठ्या परदेशी पोपटांसाठी सरकारकडे नोंदणी करावी लागते. ते पन्नास-पन्नास वर्षं जगू शकतात, म्हणून माझं मत विचाराल तर मुलांच्या घरात ते नकोतच. तुम्ही नोकरीला परगावी जाल तेव्हा त्यानं काय करायचं?

बजरीगर मात्र एक आणू नका, दोन आणा. दुकानदार सांगेल, एकटा ठेवला तर लवकर बोलेल. ते बरोबरच आहे, आणि का बरोबर आहे हे तुम्हाला आता माहीत झालंय. जोडी असली की ते आपापसात बोलतील, तुमचे शब्द कदाचित उचलणारही नाहीत. चालेल! बोलणारच असेल तर बहुधा नर बोलेल. चोचीच्या वरचा, नाकपुड्यांजवळचा भाग निळा असेल तर बहुतेक वेळा तो नर समजावा, मादीचा तपकिरी किंवा पांढुरका असतो. पक नावाच्या एका अमेरिकन बजरीगराला १,७२८ शब्द येत होते अशी गिनेस बुकात नोंद आहे. एवढासा जीव, पंजासकट तुमच्या तळहातावर मावणारा!

आता शिकवणी. पण आधी शिकायचं तुम्हाला. पक्षी घरी आला की पहिले काही दिवस त्याला हात लावायचा नाही. पिंजऱ्याजवळ बसा, पुस्तक वाचा, हळू आवाजात बोला. तुम्ही आलात की तो लांबच्या कोपऱ्यात जातो का? पिसं अंगाला घट्ट चिकटवून ताठ उभा राहतो का? मग तो घाबरलाय. एका पायावर उभा राहून पिसं थोडी फुलवली, चोच हळूच घासल्यासारखा आवाज काढला, तर तो निवांत आहे. तुमच्यासमोर झोपला तर समजा, परीक्षा पास. डोळ्यांकडेही बघा. आपल्या बाहुल्या उजेडानुसार आपोआप लहान-मोठ्या होतात, आपण ठरवून काही करू शकत नाही. पक्ष्यांच्या डोळ्यांत बाहुली लहान-मोठी करणारे स्नायू वेगळ्या जातीचे असतात. मोठ्या पोपटांना काही आवडलं किंवा राग आला, की बाहुली भराभर लहान-मोठी होते. त्या वेळी बोट पुढे करू नका!

मग राळ्याचं किंवा बाजरीचं कणीस घ्या आणि जाळीतून धरा. तो येईल, एक दाणा टिपेल. तो दाणा टिपतो त्याच क्षणी एकच शब्द म्हणा, ‘छान’. दर वेळी तोच शब्द, त्याच सुरात. काही दिवसांत त्याला कळतं, ‘छान’ ऐकू आलं की दाणा मिळतो. ही एवढी गोष्ट जमली की अर्धं काम झालं, कारण आता त्याला नेमकं कशाबद्दल शाबासकी मिळाली हे तुम्ही त्याला सांगू शकता. पुढे पिंजऱ्याचं दार उघडून बोट आडवं धरा, त्याच्या पोटाच्या थोडं खाली, आणि कणीस बोटाच्या पलीकडे. कणसापर्यंत पोचायचं तर बोटावर चढावं लागतं. चढला? ‘छान’! उतरायचं असेल तर उतरू द्या. बंद हातात धरून ठेवलं तर आठवडाभराचा विश्वास जातो. एका वेळी पाच मिनिटं पुरे, आणि त्याचं मन नसेल त्या दिवशी सुट्टी.

आणि चुकला तर? काही करायचं नाही. ओरडायचं नाही, पिंजऱ्यावर टकटक करायची नाही, खाणं बंद तर मुळीच करायचं नाही. शिक्षा म्हणजे काय हे पोपटाला समजतच नाही. त्याला एवढंच समजतं की हा माणूस धोक्याचा आहे.

जत्रेत किंवा दिवाळीनंतरच्या मंडईत चिठ्ठी काढणारा पोपट तुम्ही कदाचित पाहिला असेल. त्याला तुमचं भविष्य ठाऊक नसतं. धन्याचा इशारा झाला की बाहेर यायचं, एक पाकीट चोचीत धरून ओढायचं, दाणा घ्यायचा, परत आत जायचं, एवढं तो शिकलेला असतो. म्हणजे पद्धत आपलीच, दाण्याची. पण तो पोपट रानातून पकडलेला, पंख छाटलेला, त्या खोक्याएवढं घर असलेला असतो. त्याला पैसे देऊ नका.

खाण्याची गोष्ट राहिलीच. पोपटाला हिरवी मिरची आवडते हे सगळ्यांना माहीत आहे. तोंड कसं भाजत नाही त्याचं? मिरचीत कॅप्सायसिन नावाचा पदार्थ असतो. आपल्या जिभेवर गरम ओळखणाऱ्या चेतापेशी असतात, त्यांना हा पदार्थ फसवतो आणि आपल्याला भाजल्यासारखं वाटतं. पक्ष्यांच्या पेशी या पदार्थाला फसतच नाहीत. पोपटासाठी मिरची म्हणजे कुरकुरीत भाजी! गरमपणा ओळखणारी ही यंत्रणा शोधणाऱ्या डेव्हिड ज्युलियस यांना २०२१ साली नोबेल पारितोषिक मिळालं. मिरचीचा यात फायदा काय? उंदरासारखे प्राणी बिया चावून टाकतात, ते तिखटानं लांब राहतात. छोटे पक्षी फळ गिळून बिया दूर नेऊन टाकतात. पोपट मात्र बियासुद्धा फोडून खातो, तिथे मिरचीचा डाव फसतो.

नुसत्या सूर्यफुलाच्या बियांवर पक्षी आजारी पडतो. बारीक धान्याबरोबर पालक, मेथी, गाजर, मटार, पेरू द्या. चॉकलेट, चहा, खारे पदार्थ आणि ॲव्होकाडो त्याला विषासारखे. पिंजरा स्वयंपाकघरात कधीच टांगू नका. नॉनस्टिक तवा जास्त तापला की त्यातून निघणारा वायू आपल्याला जाणवतही नाही, पण पक्षी काही मिनिटांत दगावतो, कारण पक्ष्यांची फुप्फुसं हवेतलं सगळं आपल्यापेक्षा जास्त चांगलं शोषून घेतात. पिंजरा साफ केल्यावर साबणानं हात धुवा, पोपटांकडून माणसाला होणारा एक तापाचा आजार आहे. आणि रात्री दहा-बारा तास त्याला अंधार आणि शांतता द्या, टीव्ही चालू असला तर पिंजरा दुसऱ्या खोलीत.

पिंजऱ्यात हिरवं पीस पडलं तर टाकू नका. ते उजेडासमोर धरा आणि आरपार बघा. हिरवा रंग फिका पडेल, पिवळट-तपकिरी दिसेल. कारण पोपटाच्या पिसात हिरवा रंग नसतोच! त्यात असतो पिवळा रंग, फक्त पोपटांच्याच शरीरात बनणारा. आणि पिसाची आतली अतिसूक्ष्म रचना अशी असते की ती निळा उजेड परत फेकते. पिवळा आणि निळा मिळून हिरवा, तुमच्या चित्रकलेच्या तासाला होतो तसाच. ज्या बजरीगरात पिवळा रंग बनतच नाही, तो निळा दिसतो.

ज्यांच्या घरी बजरीगर येणार नाही त्यांनी हिरमुसून जाऊ नका. गोंदिया जिल्ह्यातल्या मुलांना तर घराबाहेर पोपटांची शाळाच भरलेली आहे. मामा (माजी मालगुजारी) तलावांचे काठ, धानाच्या बांध्या, मोहाची झाडं, सगळीकडे. धान निसवून लोंब्या भरल्या की थवा उतरतो आणि शेतकऱ्याला हाकलत बसावं लागतं, कारण पोपट खातो त्याहून जास्त तोडून टाकतो. शेतकऱ्याचा राग खराच आहे, त्याच्या वर्षभराच्या मेहनतीचा प्रश्न असतो. फेब्रुवारी-मार्चमध्ये पळस फुलतो तेव्हा मात्र कुणाची तक्रार नसते. केशरी फुलांत हिरवे पोपट मध पिताना बघायचे असतील तर सकाळी लवकर उठा. नवेगावबांधला बरीच वर्षं वनाधिकारी म्हणून राहिलेले मारुती चितमपल्ली अशाच सकाळी वही घेऊन हिंडत. पुढे त्यांनी मराठीत ‘पक्षिकोश’ लिहिला. २०२५ साली त्यांना पद्मश्री मिळाली आणि त्याच वर्षी जूनमध्ये ते गेले.

तुम्हीही एक वही करा. पोपटाच्या पायाला चार बोटं असतात, दोन पुढे आणि दोन मागे, म्हणून तो शेंग किंवा पेरूची फोड पायात धरून खाऊ शकतो. त्यांत बरेच पोपट डावखुरे असतात असं ऑस्ट्रेलियातल्या शास्त्रज्ञांना आढळलंय. तुमच्या गावचे राघू कसे आहेत? वहीत दोन रकाने आखा, डावा आणि उजवा. पेरूच्या किंवा चिंचेच्या झाडाखाली लांब उभे राहा, आणि पोपटानं ज्या पायात खाऊ धरला असेल त्या रकान्यात एक रेघ मारा. तारीख, वेळ, झाड आणि पोपटाचा प्रकारही लिहा. तुईयाचं डोकं कोणत्या रंगाचं होतं हेसुद्धा. निदान पन्नास रेघा झाल्या की दोन्ही रकाने मोजून बघा.